पाठमोरा थांबा

माझ्या सासूबाईंना अमेरिकेची राज्यघटना माझ्याइतकीच कळते. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, वैतागून सांगतेय. मी त्या घटनेवर पोट भरते, त्या ती फुकट ऐकतात, आणि वर मलाच शंका विचारून भंडावून सोडतात.

वकिलीची सनद काढून मी मुरबाडच्या कोर्टात जायला लागले होते. पण कुणाच्या तरी मागं फायली धरून व्हरांड्यात उभं राहायचा लवकरच कंटाळा आला. मग घरबसल्या एक काम मिळालं. अमेरिकेतल्या कोर्टांचे निकाल वाचायचे आणि तिकडच्या वकिलांना घाईत वाचता येतील असे त्यांचे गोषवारे करून पाठवायचे. आमचं गाव टोकावड्याच्या पुढं, वैशाखऱ्याच्या अलीकडं, माळशेजच्या रस्त्याला लागून आहे. आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. त्यामुळं माझं ऑफिस चुलीशेजारी, आणि चुलीच्या मालकीण हौसाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई; त्यांना मी आई म्हणते. माझा नवरा शेखर कसाऱ्याला रेल्वेत आहे, तो आठवड्यातून एकदा येतो. बाकीचे दिवस आम्ही दोघी आणि अमेरिका.

"आज काय गो नमे? कुणाच्या घरात शिरले पोलिस?" भाकरी थापता थापता आई विचारतात. टीव्हीवरच्या मालिकांपेक्षा त्यांना माझे खटले आवडतात.

मी सांगते, की तिकडं घराची झडती घ्यायची तर एरवी पोलिसाला आधी न्यायाधीशाची सही आणावी लागते.

"बरा हाय," आई म्हणतात. "आपल्याकडं रघूनानाची म्हैस बघ. सरळ परसात शिरते नि भोपळा खाऊन जाते. तिला कोण सही मागणार?"

पकडलेल्या माणसाला चौकशीआधी पोलिसांनीच सांगावं लागतं, की बाबा रे, गप्प बसायचा तुला हक्क आहे, हे ऐकलं तेव्हा त्यांचे थापणारे हात थांबले. "गप बसायचा हक्क? आमाला तर जन्मभर 'गप बस' असाच सांगत आले. तो हक्क होता होय!" आणि त्या इतक्या हसल्या, की तव्यावरची भाकरी करपली.

त्यांची सगळ्यात लाडकी मात्र ओहायोची बाई. तिथल्या एका बाईनं शाळेसाठीच्या नव्या कराविरुद्ध पत्रकं छापून वाटली. काही पत्रकांवर नाव नव्हतं म्हणून तिला दंड झाला. बाई हटली नाही. खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल लागला, की नाव न घालता आपलं म्हणणं मांडायचाही माणसाला हक्क आहे. निकाल ऐकायला ती बाई हयात राहिली नव्हती. हे ऐकून आईंनी पदर डोळ्याला लावला.

"नाव कशाला घालायचा?" त्या म्हणाल्या. "आमी गौरीची गाणी रचतो, त्याच्याखाली कोण सही करतो? गाणा गौरीचा."

आमच्या गावची ही रीतच आहे. गौरी आल्या की बायका फेर धरतात. एकजण पुढून म्हणते, बाकीच्या मागून झेलतात. त्या गाण्यांत दरवर्षी नवी भर पडते. कुणाच्या सुनेनं भात करपवला, कुणाचा नवरा घोरतो, कोण पुढारी मतं मागून गेला तो परत आला नाही, सगळं त्यात येतं. पण कुठली ओळ कुणी रचली हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. पुढून म्हणायचा मान आईंचा. त्यांच्या सासूनं जाताना तो त्यांच्या हाती दिला. आईंना सोन्याची हौस नाही, साडीची नाही. पण भाद्रपद लागला, की त्या आल्याचा चहा पिऊन गळा जपायला लागतात. वर्षभर भाताच्या चिखलात वाकलेली ही बाई त्या तीन दिवसांत ताठ चालते. मला ते बघायला फार आवडतं.

यंदाच्या गाण्याचं निमित्त झालं ते एसटीच्या थांब्याचं.

आमचे सरपंच भगीरथ यांनी यंदा गावाला थांबा बांधून दिला. भगीरथ माणूस मनानं चांगला आहे, आणि हीच अडचण आहे, कारण वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात. त्यांनी विचार केला, की आपल्याकडं पाऊस रस्त्याच्या बाजूनं तिरका येतो, आणि आपली माणसं भिजतात. म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून भिंत रस्त्याच्या बाजूला बांधून घेतली आणि तोंड मागं शेताकडं ठेवलं. त्यांचा हिशोब बरोबर निघाला. थांब्यात बसलेला माणूस अजिबात भिजत नाही. तो कोरडाच्या कोरडा तिथंच राहतो, कारण ड्रायव्हरला नुसती भिंत दिसते आणि गाडी निघून जाते.

मग माणसं बाहेर पावसात उभी राहायला लागली आणि आत शेळ्या बसायला लागल्या. गावात ज्यांच्याकडं मोटारसायकली आहेत त्यांना फरक पडला नाही. हाल झाले ते शेतापलीकडच्या वाडीतल्या लोकांचे. ते मजुरीला मुरबाडकडं जातात, आणि त्यांना एसटीशिवाय दुसरं काही नाही. त्या वाडीतली वेणू तोंडाची फटकळ. ती एकदा आमच्या ओट्यावर बसून म्हणाली, "काय बी बोला हौसाकाकी, आमच्या वाडीकडं तोंड करून बांधलेला सरकारी काम हा एकच. आमी नाय नावं ठेवणार."

पण थांब्यानं खरा दणका दिला तो सरपंचांच्याच घरी. त्यांची बायको रखमी श्रावणात भावाच्या मुलीच्या बारशाला शहापूरकडं निघाली. नवं लुगडं, हातात बाळंतविडा, आणि नवऱ्यानं बांधलेला थांबा, म्हणून मोठ्या अभिमानानं आत जाऊन बसली. गाडी आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. संध्याकाळी रखमी बाळंतविडा घेऊन घरी परतली, तर भगीरथ म्हणाले, "मग तू उठून बाहेर का नाय उभी राहिलीस?"

कितीतरी दिवस रखमी नवऱ्याशी बोलली नाही. भाताची बेणणी चालू होती. गवत उपटता उपटता तिच्या मनात ओळी जुळत गेल्या आणि बांधावर बसून तिनं त्या आईंच्या कानात म्हटल्या. मी पलीकडं होते, म्हणून मलाही ऐकू आल्या.

"काकी, माझा नाव नको हां," रखमी म्हणाली. "घरात अबोला हाय तो बस झाला."

"कुणाचा नाव? मला काय ठाव नाय," आई म्हणाल्या. "गाणा गौरीचा."

गौरी आल्या त्या संध्याकाळी तेरड्याची गौर पाटावर बसवली, मारुतीच्या देवळापुढं फेर धरला, आणि आईंनी पुढून सुरुवात केली:

गौराई निघाली गो माहेराला,
बसली सरपंचाच्या थांब्याला.
थांब्यानं फिरवली पाठ गो पाठ,
डायवर बघतो भिंत सपाट.
गाडी गेली गो माळशेजला,
गौर राहिली शेळ्यांच्या सोबतीला!

काय झेललं बायकांनी! "शेळ्यांच्या सोबतीला"वर जमीन हादरली. रखमीही फेरात होती, आणि सगळ्यात निरागस चेहरा तिचाच होता. मी हसून हसून खाली बसले.

एवढ्यावर भागलं असतं. गौरीचं गाणं गौरीबरोबर पाण्यात जातं. पण कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि सकाळपर्यंत ते वैशाखऱ्यापासून मुरबाडपर्यंत फिरलं. टोकावड्याच्या ढाब्यावर सरपंच चहाला गेले, तर कुणीतरी विचारलं, "काय सरपंच, शेळ्यांना पास काढून दिला का?" भगीरथ चहा अर्धा टाकून निघाले ते थेट रघूनानांच्या अंगणात गेले. रघूनाना गावकीतले सगळ्यात वयस्कर. त्यांच्यापुढं भगीरथांनी आरडाओरडा केला, की ही गावाची बेअब्रू आहे, गाणं रचणारी कोण ते कळलं पाहिजे, नाहीतर पुढून म्हणणारीनं गावाची माफी मागितली पाहिजे.

नानांनी निरोप धाडला. उद्या सकाळी गावकी बसेल. हौसानं यावं. नाव सांगितलं तर ठीक, नाहीतर बोळवणीच्या फेरात पुढून दुसरी कुणीतरी म्हणेल.

बोळवण म्हणजे गौर पाण्यात सोडायच्या आधीचा शेवटचा फेर. तो दुसऱ्या दिवशी दुपारीच होता.

मी पेटले. असं काही झालं की माझं डोकं आधी तापतं आणि विचार मागून येतो. मी आपल्या घटनेचं एकोणिसावं कलम काढलं, विसावं काढलं, गावकीच्या मनमानीविरुद्धचे कायदे काढले. "मी मुरबाडला जाते," मी म्हणाले. "एक अर्ज टाकते, सगळे सरळ होतील."

आई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "जा. कायद्यानं मला फेरात पुढं उभी करशील. पण माझ्या मागून झेलणाऱ्या बायका कुठल्या कायद्यानं आणशील?"

अर्जासाठी काढलेला कागद मी बाजूला ठेवला. मग त्या म्हणाल्या, "नाव मी मेली तरी नाय सांगणार. पण फेर गेला तर..." आणि तांदळातला खडा शोधत बसल्या. सापडत नव्हता, तरी शोधत होत्या. मला रडू आलं.

तेव्हा मला ते सुचलं. "आई, तुम्ही बोलूच नका," मी म्हणाले. "एक शब्द नाही. हो नाही, नाही नाही. गप्प बसायचा हक्क. तुम्ही बोललाच नाहीत तर तुमच्यावर ठेवतील काय?"

खरं तर गप्प बसायचा तो हक्क स्वतःवर बालंट येऊ नये म्हणून असतो, दुसऱ्याचं नाव दडवायला नाही. पण बारकावे मला कधीच वेळेवर सुचत नाहीत. आईंना मात्र कल्पना एकदम पसंत पडली. "अमेरिकेसारखा!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा जरा उजळला.

गावकी मारुतीच्या देवळापुढं पारावर बसते. वर पुरुष बसतात, आणि बायकांनी यायचंच झालं तर खाली कडेला उभं राहायचं. आजवर कुठल्या बाईला तिथं जाब विचारायला बोलावलं नव्हतं, त्यामुळं आत काय रीत चालते हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. मी तर लग्न होऊन आलेली. पण गावातच जन्म काढलेल्या आईंनाही नुसते निकाल कळत, ते लागायचे कसे हे कधी दिसलं नव्हतं. आमची चूक झाली ती तिथंच.

त्या सकाळी झाडून सगळं गाव जमलं. वेणू आणि वाडीतल्या चारदोन बायका मजुरीला निघाल्या होत्या, त्याही रस्त्याकडं एक डोळा ठेवून थांबल्या. रखमी बायकांच्या मागं उभी होती, पदर दातात धरून. भगीरथ पाराच्या कोपऱ्यात बसले होते. कालचा आवाज कुठं गेला कोण जाणे, आज ते सारखे पायाच्या अंगठ्याकडं बघत होते.

नानांनी काठी पुढं धरली. "हौसा, गौरीपुढं गावाच्या थांब्याची टिंगल केलीस. कबूल?"

आई गप्प. नानांनी काठी जमिनीवर आपटली.

"हौसा, कबूल?"

आईंनी माझ्याकडं बघितलं. मी शाबासकी दिल्यासारखी मान हलवली. आई ताठ उभ्या, ओठ मिटलेले. मला इतका अभिमान वाटला, की टाळ्या वाजवाव्यात. दुसऱ्यांदा काठी आपटली.

"तिसऱ्यांदा विचारतो. कबूल?"

आई गप्प. तिसरी काठी.

"कबूल," नाना म्हणाले, आणि तंबाखूची डबी उघडली.

"म्हणजे?" मी ओरडलेच. "त्या बोलल्या कुठं? त्या तर एक शब्द..."

"तेच की, सूनबाई," नाना शांतपणे म्हणाले. "तीन वेळा विचारला नि माणूस गप बसला, म्हंजे कबूल. बापजाद्यांपासून रीत हाय."

 साऱ्या अमेरिकेत ज्या गोष्टीनं माणूस सुटतो, त्याच गोष्टीनं मी आमच्या आईंना अडकवून ठेवलं होतं. मी भगीरथांकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस खूश होईल. तर ते घाईघाईनं म्हणाले, "झाला ना? मग संपवा नाना. नावबिव राहू दे आता."

"असा कसा राहील?" नाना म्हणाले. "तूच तर अंगणात येऊन नाचलास. हौसा, नाव सांगतेस का फेर सोडतेस?"

आईंनी रखमीकडं पाहिलं नाही. एकदा सुद्धा नाही. त्या पाराजवळ गेल्या, आणि मला वाटलं आता संपलं. पण त्यांच्या डोळ्यांत ते पाणी नव्हतं, जे काल तांदूळ निवडताना होतं. तिथं काहीतरी भलतंच चमकत होतं. ती चमक मी ओळखते. गाण्यात एखादी चावरी ओळ यायची असली, की आधी त्यांच्या डोळ्यांत येते.

"नाना, ही रीत सगळ्यांना का एकट्या हौसाला?"

"हे काय विचारणा झाला? गावकीपुढं उभ्या असलेल्या सगळ्यांना."

"पुरुषांना बी?"

"पुरुषांना बी."

"सरपंचाला बी?"

नानांनी डबी मिटली. "सरपंचाला बी."

"मग जरा ती काठी द्या इकडं."

नानांनी काठी दिली. का दिली, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. आई गावाकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि गौरीच्या फेरात लावतात तसा खणखणीत आवाज लावला.

"मी टिंगल केली असा गाव बोलतो. टिंगल कधी होते? खोटा बोलला तर. मी विचारते, ज्याला वाटत असंल का आपल्या थांब्याचा तोंड रस्त्याकडं हाय, त्यानं बोला."

काठी आपटली. पारावर कुणी हललं नाही.

"थांब्यात बसला नि डायवरनं बघून गाडी थांबवली, असा ज्याच्या बाबतीत झाला असंल, त्यानं बोला."

दुसरी काठी. एका म्हाताऱ्याला खोकला आला, तो त्यानं दाबून धरला. आणि नेमकी त्याच वेळेला रस्त्यावर गाडी वाजली. वेणू दचकली. बायकांसकट ती रस्त्याकडं धावली, हात उंच करून, पदर सावरत. त्यांना बघून ड्रायव्हरनं गाडी थांबवली. वेणूनं पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथूनच पाराकडं वळून ओरडली, "बघा! थांब्यात नव्हतो म्हणून गावली!"

गाडी गेली. पारावरच्या तरण्यांनी तोंडं टोप्यांत लपवली. त्यांचे खांदे हलत होते.

"तिसऱ्यांदा विचारते," आई म्हणाल्या, आणि आता त्या फक्त एका माणसाकडं बघत होत्या. आवाज मऊ झाला होता. "भगीरथा, तू आमच्यासाठी मन लावून बांधलास. आमी कोरडी राहावी म्हणून बांधलास, ते गावाला ठाव हाय. पण तोंड चुकला. नाय चुकला असा तुला वाटत असंल, तर तू बोल."

सगळं गाव भगीरथांकडं बघायला लागलं. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. मग बायकांच्या घोळक्याकडं एकदा पाहिलं, आणि खाली मान घालून बसले.

आईंनी तिसरी काठी अगदी हळू टेकवली, जशी झोपलेल्या मुलाजवळ कुणी पाऊल टाकतं.

"कबूल," रघूनाना म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. हसू दाबल्यानं असेल. "गावाला कबूल, सरपंचाला कबूल. खरा असंल ते बोलल्याबद्दल माफी कसली मागायची? हौसा, फेर तुझा. नि काठी दे माझी."

बायकांनी जो गलका केला, तो टोकावड्याला ऐकू गेला असेल. मी आईंना मिठी मारली. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "नमे, तुझी अमेरिका बरी हाय. पण इकडच्या डायवरला रस्ता सांगावा लागतो."

भगीरथ उठले, धोतर झटकलं आणि कुणाकडं न बघता म्हणाले, "उद्या इंजिनियरला बोलावतो. भिंतीला तोंड पाडून घेऊ." मग ते निघून गेले.

मला वाटलं, रागानं गेले. दुपारी बोळवणीसाठी पाणी भरायला मी नळावर गेले, तर भगीरथ तिथं घुटमळत होते. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते जवळ आले.

"वहिनी, तुमी त्या अमेरिकेचा कायदा बघता ना? एक विचारू?"

"विचारा की."

"तिकडं..." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "तिकडं समजा, बायकोनं काय केला, नि नवऱ्याला ठाव हाय. तर नवऱ्यानं बोललाच पाहिजे असा काय नियम हाय का?"

मी हंडा खाली ठेवला. "तिकडं फौजदारी खटल्यात सहसा सक्ती करता येत नाही," मी सावधपणे म्हणाले. "आणि आपल्याकडंही नवराबायकोतलं बोलणं कोर्टात उघड करायला सहसा लावता येत नाही. का हो?"

"काय नाय. असाच." ते जरा थांबले. "काल नानांकडनं घरी आलो, तर गोठ्यात म्हैस पिळता पिळता गाणा चाललेला. तोच. पण पुढची एक ओळ होती, ती फेरात कुणी बोललाच नव्हता." आणि मग आमच्या गावचे सरपंच इकडं तिकडं बघून, अगदी बारीक आवाजात, चालीवर म्हणाले:

सरपंच जेवतो गो पाटावरी,
त्याला वाढीन भाकर पाठमोरी!

"नि वाढली पण, वहिनी! श्रावणापासून तशीच वाढते. पाठ करून." त्यांचे डोळे हसत होते आणि ओलेही होते. "मी आरडाओरडा करून बसलेलो, मागं फिरायला येईना. रात्रभर देवाला बोललो, हौसाकाकी नाव नको सांगू दे. चारचौघांत तिची मान खाली गेली असती, ती बी माझ्यामुळं."

मला त्या माणसाचा आदल्या दिवसापासून जो राग आला होता, तो सगळा नळाच्या पाण्याबरोबर वाहून गेला. मी म्हणाले, "मग आता?"

"आता मी गप. माझा हक्क हाय ना?"

"आहे," मी म्हणाले. "पण तीनदा कुणी विचारू नये एवढं बघा."

बोळवणीला सगळं गाव ओढ्याकाठी आलं. डोक्यावर गौरी, हळदीकुंकवाची ताटं, आणि मधे मोकळी जागा. आई पुढं झाल्या, ताठ, आल्याच्या चहानं जपलेला गळा साफ करत. थांब्याचं गाणं सुरू झालं तेव्हा पुरुषांच्या गर्दीतूनही "शेळ्यांच्या सोबतीला" उठलं. मग ते कडवं संपलं आणि आई एकदम थांबल्या. नळावरचं बोलणं मी त्यांना घरी आल्या आल्या सांगितलं होतं. त्यांनी हात लांब करून रखमीला फेरातून पुढं ओढली.

रखमी गांगरली. तिची नजर आधी नवऱ्याकडं गेली.

भगीरथ काठावर सगळ्यांच्या पुढं उभे होते. त्यांनी रखमीकडं पाहिलं आणि सावकाश, सगळ्या गावासमोर, वळून उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडं, तोंड शेताकडं. कोण पुढून म्हणतंय हे त्यांना दिसणार नव्हतं, आणि जे दिसलं नाही ते सांगायला लागणार नव्हतं.

क्षणभर रखमी त्या पाठीकडं बघत राहिली. मग तिनं पदर खोचला आणि पाठमोऱ्या भाकरीची ओळ तिनं स्वतः, पुढून म्हटली. बायकांनी झेलली. पहिल्यांदा पाऊल पडलं तेव्हा मी भगीरथांच्या पायांकडं बघत होते. शेताकडं तोंड करून उभा असलेला तो माणूस आमच्याबरोबर ताल धरत होता.

त्या रात्री रखमीनं भाकरी समोर बसून वाढली. हे मला आईंनी सांगितलं. त्यांना कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.